‘समाधान’ या शब्दाची मर्यादा

मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांचे सेवेविषयीचे मत जाणण्यासाठी प्रश्नावलीचा उपयोग रूढ झाला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रश्नावलीत आठ प्रश्न असून प्रत्येकास चार पर्यायी उत्तरे आहेत. अशा पाहण्यांत बहुसंख्य रुग्ण ‘समाधानी’ आढळतात. परंतु या शब्दाने ते काय सांगू इच्छितात, हा प्रश्न अर्थविचाराचा आहे.

१९९८ मध्ये विल्यम्स, कॉयल व हीली यांनी ब्रिटनमधील मानसिक आरोग्यसेवेच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून याचा उलगडा केला. अनुभव कटू असूनही रुग्ण सेवेस दोष देत नसत. कारण ते सेवेचे कर्तव्यच नव्हे, किंवा परिस्थितीमुळे ते पार पडले नाही, असे ते मानीत. म्हणजे येथे ‘समाधान’ हे अनुभवाचे वर्णन नसून दोषारोपाचा अभाव होय.

मराठीत ही अडचण विशेष जाणवते. ‘समाधान मानणे’ या प्रयोगात मिळाले तेवढ्यावर भागविणे अभिप्रेत असते. म्हणून ‘आपण समाधानी आहात काय?’ यापेक्षा ‘औषधाचे दुष्परिणाम आपणांस कोणी समजावून सांगितले?’ असे विचारणे इष्ट. अशा उत्तरातून घटना कळते, आणि उपाय घटनेवरच करता येतो.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ ने सेवेतील उणिवांविषयी तक्रारीचा हक्क दिला आहे. तथापि दोष देण्यास न धजणारा रुग्ण तो हक्क क्वचितच बजावील. तेव्हा विचारण्याचे दायित्व संस्थेचे. आणि उत्तरामुळे काय बदलले, हे रुग्णास कळविणे हेही तिचेच. एरवी पुढील खेपेसही उत्तर येईल, ‘ठीक आहे.’