डेटाबेसचा वेग डिस्कच्या मांडणीवर अवलंबून

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकांचे वितरण सुरू झाले. एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या १०० कोटींवर गेली. ही माहिती सांभाळणाऱ्या केंद्रांपैकी एक बंगळुरू येथे आहे. पडताळणी रेंगाळली, तर रेशन दुकानापुढील रांग थांबते. त्यामुळे अशा विशाल डेटाबेससाठी साठवण क्षमतेइतकाच प्रतिसादाचा वेगही महत्त्वाचा ठरतो.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. परिणामी, विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला साधारण शंभरच वाचू शकते. म्हणून माहिती अनेक डिस्कवर विभागली जाते. व्यवहारांचा लॉग क्रमाने लिहिला जात असल्याने तो स्वतंत्र डिस्कवर ठेवणे हितावह असते. रेड-५ रचनेत एक छोटी नोंद बदलण्यास सामान्यतः चार क्रिया लागतात. रेड-१० मध्ये दोनच, मात्र त्यासाठी दुप्पट जागा लागते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीमुळे वेग कित्येक पटींनी वाढतो.

तथापि, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद सर्वच प्रतींमधून नाहीशी होते. त्यामुळे स्वतंत्र बॅकअप अनिवार्य आहे.