मोठा पडदा, धूसर चित्र

मुलांनो, घरात नवा टीव्ही घ्यायचे ठरले की पहिली सूचना कोणती येते? "मोठा घ्या!" हीच ना? माझ्या मामूंच्या घरीही तसेच झाले.

मामू भिवंडीला राहतात. त्यांचा जुना २१ इंची टीव्ही कुरकुर करू लागला, म्हणून ते मुलांना घेऊन दुकानात गेले. तेथे भिंतभर टीव्ही लावलेले होते. ५५ इंची पडद्यावर निळा समुद्र लाटा उडवत होता. पानावरचे दवाचे थेंब मोजून घ्यावेत इतके चित्र स्पष्ट! मामू भारावून गेले. त्यांनी बारा हप्त्यांवर तोच टीव्ही घेतला आणि जुना संच बदल्यात देऊन टाकला. घरी मोफत डिशचा डबा त्याला जोडला, आणि सर्वांचे चेहरे उतरले. चित्र धूसर, अक्षरांच्या कडा फाटलेल्या. नानी जुने चित्रपट आवडीने पाहते. ती म्हणाली, "यातली माणसं अशी सुजल्यासारखी का दिसतात रे?"

मामूंनी मला बोलावून घेतले. दुकानदाराने बिघडलेला माल गळ्यात मारला, असे त्यांचे म्हणणे होते. मी पाहिले, तर संच अगदी ठीक होता. मग घोटाळा कोठे होता?

तुमची गणिताची चौकटींची वही डोळ्यांसमोर आणा. टीव्हीचे चित्र अशाच लहान लहान चौकटी रंगवून तयार होते. या चौकटींना आपण ठिपके म्हणू. साध्या, म्हणजे एसडी प्रक्षेपणात आडव्या ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी असतात. गुणाकार करा. ४,१४,७२० ठिपके झाले. मोफत डिशवरील बहुतेक वाहिन्या आणि केबलच्या स्वस्त पॅकमधील वाहिन्या याच प्रकारच्या असतात. आता मामूंचा नवा संच पाहा. तो 'फोर के' प्रकारचा आहे. त्याच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके आहेत. भागाकार केला तर उत्तर बरोबर २० येते! प्रक्षेपणातून एक ठिपका आला की पडद्याला वीस ठिपके भरायचे असतात.

उरलेले एकोणीस ठिपके कोठून येतात? संचातील एक छोटी यंत्रणा शेजारचे ठिपके पाहून अंदाजाने ते भरते. चांगल्या संचातील अंदाज बरा असतो, स्वस्त संचातील ओबडधोबड असतो. पण अंदाज तो अंदाजच. जे दव प्रक्षेपणात आलेच नाही, ते पानावर कसे दिसणार? दुकानातले चित्र मात्र मुळातच इतक्या ठिपक्यांचे, मुद्दाम दाखवण्यासाठी तयार केलेले होते.

त्यात आणखी एक अडचण असते. उपग्रहाच्या एकाच मार्गाने अनेक वाहिन्या दाटीवाटीने पाठवाव्या लागतात. त्यासाठी चित्राची माहिती आवळून लहान केली जाते. चेंडू सीमारेषेकडे धावतो तेव्हा मैदानाचे व प्रेक्षकांचे चौकोनी तुकडे पडलेले तुम्ही पाहिले असतील. तो याच आवळण्याचा परिणाम. लहान पडद्यावर हे तुकडे खपून जातात, मोठ्यावर मात्र उघडे पडतात.

जुना संच चांगला दिसायचा, हा मामूंचा भ्रम नव्हता. जुन्या चित्रनलिकेचे संच याच ५७६ ओळींसाठी बनवलेले होते. शिवाय त्यांच्या ठिपक्यांच्या कडा थोड्या मऊ असत, त्यामुळे खाचा दिसत नसत. आणि नानीच्या सुजलेल्या माणसांचे कारण तर सोपे निघाले. जुन्या चित्रपटांचे चित्र बहुधा ४:३ आकाराचे, तर नव्या पडद्याचा आकार १६:९. पडदा भरण्यासाठी संचाने चित्र दोन्ही बाजूंना ताणले होते. मी सेटिंगमध्ये जाऊन ४:३ आकार निवडला. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसे पुन्हा सडपातळ झाली!

आता खरा प्रश्न. अशा प्रक्षेपणासाठी केवढा टीव्ही घ्यावा? हे खोलीवर अवलंबून आहे. चित्राच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावर बसले की एसडीच्या ओळी निरोगी डोळ्यालाही वेगवेगळ्या दिसत नाहीत. ३२ इंची संचाच्या चित्राची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. त्याची सहापट म्हणजे जवळजवळ आठ फूट. ४३ इंचीला साडेदहा फूट लागतात, तर ५५ इंचीला तेरा फुटांहून अधिक. मामूंची खोली दहा फुटांची, आणि दिवाण पडद्यापासून सहा फुटांवर! (टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात, हे लक्षात असू द्या. ३२ वरून ४३ म्हणजे फक्त ११ इंचांची वाढ वाटते, पण चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोनपट होते.)

म्हणून साधारण खोलीत, साध्या वाहिन्यांसाठी मला ३२ इंची संच पुरेसा वाटतो. या आकाराचे बरेच संच 'एचडी रेडी', म्हणजे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे असतात. तेथे एका ठिपक्याचे अडीचच ठिपके करावे लागतात. घरात एचडी वाहिन्या घेतल्या असतील किंवा इंटरनेटवरून चित्रपट पाहत असाल, तर गोष्ट वेगळी. मग मोठ्या पडद्याचे पैसे वसूल होतात.

दुकानात गेल्यावर समुद्र आणि पक्षी पाहू नका. "साधी वाहिनी लावून दाखवा," असे नम्रपणे सांगा. बातम्या लावल्या तर उत्तम, कारण खालून सरकणाऱ्या अक्षरांवरून संचाची परीक्षा चटकन होते. जमिनीवर बसून आणि बाजूला उभे राहूनही पाहा. काही पडद्यांचे रंग बाजूने फिके पडतात, आणि आपल्याकडे सगळे काही समोरच बसत नाहीत.

मामूंचा संच परत घेतला गेला नाही. आम्ही दिवाण मागच्या भिंतीला लावला. चित्राचा भडकपणा कमी केला. 'शार्पनेस' तर जवळजवळ शून्यावर आणली. ती वाढवली की चित्र स्पष्ट होते असे वाटते, पण एसडी चित्रात ती फाटक्या कडाच अधिक ठळक करते. डब्याला एचडीएमआयचे छिद्र होते, म्हणून पिवळी-लाल-पांढरी वायर काढून ती जोडली. चित्र पुष्कळ सुधारले, तरी दुकानातल्यासारखे झाले नाही. हप्ते मात्र पूर्ण बारा भरावे लागले.

पुढच्या वर्षी माझ्या खालाने टीव्ही घेतला. ती आपला डिशचा डबा पिशवीत घालून दुकानात घेऊन गेली. दुकानदार हसला, पण त्याने तो आपल्या डिशच्या वायरीला जोडून दिला. तिने चार संचांवर सह्याद्री वाहिनी लावून पाहिली आणि ३२ इंची निवडला. हल्ली संध्याकाळी चित्रपट पाहायला नानी खालाकडे जाते.