जुन्या नौकेचे सुकाणू बदलताना

शिडाच्या जुन्या नौकेत सुकाणूच्या पुढे पठाणाशी, म्हणजे तळाच्या कण्याशी, जोडलेले जे स्थिर पाते असते, ज्यास नौकाबांधणीत स्केग म्हणतात, ते सुकाणूस आधार देते, नौकेचा रोख राखते आणि तळ टेकल्यास आघात प्रथम स्वतःवर घेते. म्हणूनच ते कापून मोकळे सुकाणू बसविण्याचा मोह, चपळता कितीही लाभली तरी, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काजळी नदीच्या मुखाशी, भाट्याच्या खाडीत, वाळू साचून ओहोटीस पाणी इतके उथळ होते, की पठाणाच्या पातळीखाली उतरलेले सुकाणू तेथे वाकण्याची जोखीम फार मोठी.

सुकाणू जड लागत असल्यास आधी शिडांचा तोल तपासावा; दोष पुष्कळदा तेथेच असतो. त्यानेही न भागल्यास, पात्याचा थोडा भाग परिभ्रमणाक्षाच्या पुढे आणण्याची तजवीज करतात. हा भाग साधारणतः एकूण क्षेत्रफळाच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, एरवी सुकाणू हाताला अजिबात जाणवेनासे होते किंवा आपण होऊनच वळू पाहते. अखंड स्केगमागे टांगलेल्या सुकाणूस ही मुभा नाही. त्यासाठी स्केग खालून आखूड करावा लागतो.

सुकाणूचा आधार राखण्याच्या बाजूने एक उदाहरण पुरे: मुंबईत सागवानात बांधलेल्या ज्या 'सुहैली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ साली एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तिचे सुकाणू लांब पठाणाच्या मागील टोकासच टांगलेले होते.