डॉक्टर नसलेल्या जहाजावर

मालवाहू जहाजावर 20-25 माणसं असतात, डॉक्टर नसतो. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार 100 किंवा अधिक माणसं घेऊन 3 दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजालाच तो सक्तीचा आहे. एरवी रुग्णाची जबाबदारी प्रशिक्षित अधिकाऱ्यावर, बहुधा सेकंड ऑफिसरवर येते.

कुणाच्या छातीत कळ आली, की हा अधिकारी नाडी, रक्तदाब, ताप मोजून उपग्रह फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला सांगतो. डॉक्टर विचारतो, तो पोट चाचपून उत्तर देतो. इंजेक्शनही तोच टोचतो. फार मोठी जोखीम आहे ही! रोममधलं ‘चिर्म’ हे केंद्र 1935 पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला असा सल्ला मोफत देतं. डॉ. ग्विदो ग्विदा यांनी ते स्थापलं. पहिले अध्यक्ष होते रेडिओवाले मार्कोनी.

सल्ल्याने भागलं नाही, तरी रुग्णाला न्यायला हेलिकॉप्टर भर महासागरात पोचत नाही. तिथे जहाजालाच वाट बदलून जवळचं बंदर गाठावं लागतं, त्यात दिवस जातात. म्हणून बोटीवर निघणाऱ्यांनो, वैद्यकीय तपासणीत रक्तदाब, मधुमेह लपवू नका आणि रोजच्या गोळ्या पूर्ण सफरीला पुरतील इतक्या सोबत घ्या.