साचा आणि मुखत्यार

येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर विणला जात असताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. मोर किंवा कमळ विणकर दरवेळी नव्याने कल्पीत नाही. ती नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवलेली असते आणि त्या चौकटी मोजीत तो रंगीत धागा फिरवतो. फ्रान्समध्ये जकार याने १८०४ च्या सुमारास नक्षी भोकांच्या पुठ्ठ्यांवर आणली, आणि पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तेच पुठ्ठे घेतले. आज संगणकाच्या जगात 'टेम्प्लेट' म्हणून ज्याचा बोलबाला आहे, तो तयार साचा याच घराण्यातला होय. तेव्हा नाव नवे म्हणून बिचकण्याचे कारण नाही.

संगणकाला काम सांगावयाचे म्हणजे इंग्रजी खुणांच्या ओळींमागून ओळी लिहावयाच्या, अशी आपली समजूत असते. परंतु दुसरीही एक रीत आहे. पडद्यावर लहान लहान चौकटी मांडावयाच्या, प्रत्येकीला एकच काम नेमून द्यावयाचे, आणि एकीतून निघालेली माहिती दुसरीत जावी म्हणून त्या रेघांनी जोडावयाच्या. या चौकटीस 'नोड' म्हणतात. आयबीएम कंपनीतून २०१३ साली निघालेले 'नोड-रेड' आणि बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेले 'एन-एट-एन' ही अशीच साधने. अलीकडे यांतील एखाद्या चौकटीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' बसवतात. बाकीच्या चौकटी सांगितले तेवढेच करतात. हा मात्र मजकूर वाचून पुढे काय करावे ते आपणच ठरवतो. त्याला आम्ही मुखत्यार म्हणू.

आता तर सगळी मांडणीच या मुखत्याराकडून करून घेतात. पण कोऱ्या पानावर त्याला मोकळे सोडले, तर तो कधी अस्तित्वात नसलेली चौकट कल्पितो, कधी भलतीच रेघ जोडतो. म्हणून त्याच्या हाती आधी कोणी चालवून पाहिलेला साचा देतात व म्हणतात, 'एवढा फेरफार कर.' काम लवकर होते, चुका कमी होतात. येथवर साच्याचा गुण झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. समजा, निफाडच्या एका द्राक्षबागाईतदाराच्या मुलाने असा साचा आणला. फवारणीच्या वहीचे छायाचित्र पाठवावे. मुखत्याराने ते वाचावे. औषध व तारीख तक्त्यात मांडावी. काढणीपूर्वी थांबावयाचे दिवस मोजावेत. आणि 'आता काढणीस हरकत नाही' असा निरोप भ्रमणध्वनीवर यावा. बापाने वहीत '०१/०२' लिहिले, म्हणजे १ फेब्रुवारी. पण साचा अमेरिकेत घडलेला. तेथे महिना आधी लिहितात. यंत्राने ती २ जानेवारी मानली. थांबण्याचे दिवस ३० धरले, तर यंत्राच्या हिशेबी मुदत १ फेब्रुवारीलाच संपली. खरी मुदत मार्च उजाडल्यावर संपावयाची! प्रत्येक चौकटीने आपले काम बिनचूक केले, कोठेही लाल खूण उमटली नाही, आणि निरोप मात्र खोटा गेला.

ही चूक लहान मानू नये. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचा माल नाकारला गेला, आणि त्याचा फटका नाशिकच्या बागाइतदारांना बसला. त्या वेळचे कारण निराळे होते. तारखेच्या घोळाचा त्याशी संबंध नाही. परंतु नाकारलेल्या मालाचे कर्ज कोणाच्या दारी येते, ते तेव्हा सर्वांनी पाहिले. साचा घडवणाऱ्याच्या दारी ते येत नाही.

मग साचे टाकून द्यावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या घरी संगणकाचा पदवीधर नाही, त्यालाही साच्यामुळे हे साधन हाती धरता येते, हा लाभ मोठा आहे. मात्र तीन पथ्ये पाळावीत. साच्यातील प्रत्येक चौकट काय करते हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ज्यांचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे अशा मागच्या हंगामातील नोंदी त्यातून काढून पाहाव्यात. वरची चूक तेथेच उघडी पडली असती. आणि जेथे पैसा, औषध किंवा माल हलावयाचा आहे, त्या ठिकाणी माणसाच्या मंजुरीची एक चौकट घालावी, म्हणजे घरच्याने 'होय' म्हटल्यावाचून निरोप पुढे सरकणार नाही.

येवल्याचा विणकर कागदावरची नक्षी पुढे ठेवतो, पण नजर धाग्यावरून काढीत नाही. कागद चुकला तर ते त्याला चार ओळींत कळते. आपण जमिनीचे मुखत्यारपत्र न वाचता सही करीत नाही. मग न वाचलेल्या साच्यावर या नव्या मुखत्याराला बाग तरी का सोपवावी?