ताणाचा हिशेब

स्मृति नगरातून पहाटे निघून नेहरू नगरच्या चौकात ग्रेट ईस्टर्न रस्त्याला लागावे, दुर्गच्या पलीकडे शिवनाथेचा पूल ओलांडावा, उजाडता उजाडता राजनांदगाव मागे टाकावे आणि ऊन तापण्यापूर्वी महाराष्ट्राच्या सीमेवरील बाघनदीला चहा घेऊन परतावे, हा हिवाळ्यातील माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. एका डिसेंबरात तो अकस्मात मोडला. चिचोल्याच्या अलीकडे मागच्या चाकातून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला आणि रिंग ब्रेकच्या रबराला घासू लागली. उतरून पाहतो तो डाव्या बाजूचा एक आरा तुंब्याजवळच्या वाकणातून नेमका तुटलेला. रस्ता गुळगुळीत, पाठीवर ओझे नाही, वेग बेताचा. पंचनामा करावयाचा म्हटला तरी कारणाचा रकाना कोराच राहिला असता.

ते चाक मी मोठ्या हौसेने घेतले होते. उंच कडांची रिंग, मागे अवघे चोवीस आरे आणि वजन इतके कमी, की दुकानात ते एका बोटावर तोलून दाखविण्यात आले होते. सुपेल्याच्या बाजारामागे दुकान असलेल्या ज्या वृद्ध मिस्त्रीच्या हाताखालून पोलाद कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांतील कामगारांच्या काळ्या सायकली गेल्या आहेत, त्याच्याकडे ते नेले, तेव्हा त्याने तुटलेल्या आऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उरलेल्यांपैकी डावीकडचे आरे दोन-दोन करून चिमटीत दाबले आणि तो म्हणाला, “ढिल्ला रइही, त टूटही.” नवा आरा घालून द्या, असा मी आग्रह धरला, तर त्याचे उत्तर तयार होते: एक गेला; तेवीस रांगेत आहेत.

ताणामुळे वस्तू तुटते हा आपला लोकव्यवहारातील समज सायकलच्या चाकापुरता तरी उलटा आहे. बैलगाडीचे लाकडी आरे तुंब्याखाली खांबासारखे उभे राहून भार पेलतात. सायकलचा आरा म्हणजे मात्र ओढून बसविलेली तार, आणि तिच्या अंगी दाब सोसण्याचे सामर्थ्य जवळजवळ नसतेच. स्वाराचा भार येताच जमिनीलगतच्या आऱ्यांचा ताण थोडा उतरतो आणि चाक फिरले की पूर्ववत होतो. आमच्या रस्त्यावर चालणाऱ्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर; म्हणजे २०० किलोमीटरच्या एका फेरीत प्रत्येक आरा पंचाण्णव हजार वेळा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर ही घट त्याच्या पचनी पडते. तो अपुरा असेल तर आरा पार ढिला होतो, निपल आपोआप उलटे फिरू लागते आणि वाकणाशी धातू दमत दमत अखेर तुटतो. मागच्या चाकात उजवीकडे दातेरी चकत्यांना जागा द्यावी लागत असल्यामुळे त्या बाजूचे आरे अधिक उभे बसतात आणि त्यांच्यावर भरपूर ताण येतो. डावीकडच्यांच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. माझा आरा डावीकडचा का तुटला, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

दीर्घ पल्ल्यासाठी चाक निवडताना म्हणून शोभेची चौकशी शेवटी करावी. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत, ती चैन नव्हती. ब्रेव्हे नामक सफरींत २०० किलोमीटरला साडेतेरा आणि ६०० किलोमीटरला चाळीस तासांची मुदत असते. तेथे थोड्या ग्रॅमांची बचत हिशेबात येत नाही, परंतु चोवीस आऱ्यांतला एक तुटून रिंग अडकली तर सगळी मुदत रस्त्याकडेला बरखास्त होते. २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी करणारे आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक हा सुमारे ९,१०० किलोमीटरचा पल्ला गाठणारे डॉ. अमित समर्थ आमच्या याच महामार्गावरील नागपूरचे. त्यांच्या दिमतीला मोटारीतून चालणारे पथक असते. आम्हां एकांड्या स्वारांचे पथक म्हणजे खिशातला निपलचा पाना.

मिस्त्रीने चाक नव्याने विणले: ॲल्युमिनियमची साधी रिंग, मध्ये बारीक व टोकांशी जाड असे ३२ आरे, पितळी निपल, आणि प्रत्येक आरा तीन आऱ्यांना छेदून जाणारा. आट्यांना तेलाचा थेंब दिल्यावर सर्व निपले त्याने एका पातळीला आणली आणि मग अर्धा-अर्धा फेरा देत तो चाकाभोवती इतक्या संथपणे फिरला, की मला घाई सुटली. आधी उंचसखलपणा, मग आऊट, मग रिंग मध्यावर आणणे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत घेऊन करकचून दाबणे. त्या दाबासरशी पिळलेले आरे कडकड वाजत सरळ होत. शेवटी पान्याच्या टोकाने त्याने एकेक आरा छेडला. एका बाजूचे सोळाही आरे एका स्वरात बोलेपर्यंत त्याने पाना खाली ठेवला नाही.

देखभालीची वहिवाटही त्यानेच घालून दिली. नवे चाक दोन-तीनशे किलोमीटर चालले की एकदा तपासून घ्यावे. पुढे महिन्याकाठी आरे छेडून पाहावेत आणि बसका स्वर आढळल्यास पाव फेऱ्याहून अधिक देऊ नये. पावसातून आल्यावर ब्रेकच्या रबरांत रुतलेली खडी काढावी, नाहीतर ती कानसेसारखी रिंग खाते. रिंगेवरची झीजदर्शक खाच बुजली की रिंगेला निरोप द्यावा. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतील केसाएवढ्या पोलादी तारा या रस्त्यावर विखुरलेल्या असतात, त्यासाठी घरी येताच टायरवरून फडके फिरवावे. आणि दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन आरे जवळ ठेवावेत, कारण मागच्या चाकात उजवा आरा डाव्याहून थोडा आखूड असतो आणि चुकीच्या मापाचा आरा रानात काडीइतकाच उपयोगी.

फेरी संपवून मी अजूनही कधीमधी सुपेल्यावरून जातो. मिस्त्री किती किलोमीटर झाले ते विचारीत नाही, घामाकडे पाहत नाही. बसल्या जागेवरून हात लांबवून डावीकडची एक जोडी चिमटीत दाबतो, “बने हे,” म्हणतो, आणि समोरच्या पंक्चरकडे वळतो.