माथेरान : वाटा आणि खांदे

माथेरानला जाणारा माणूस बहुधा पॉइंट मोजून परत येतो. सूर्य कुठून उगवताना दिसला, कुठून मावळताना दिसला, एवढे सांगितले की त्याचा प्रवास पुरा होतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि फुकट वाचनालयात झाले. त्यामुळे कोणतीही वास्तू पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो : हे इथवर वाहून कोणी आणले? हाच प्रश्न शिदोरीला घेऊन आपण माथेरान दक्षिणेकडून उत्तरेकडे चालून पाहू.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर. वर जांभा दगड, त्याची तांबडी माती आणि तीवर जांभूळ, हिरडा अशा झाडांची दाट सावली. नशीब असेल तर फांदीवर शेकरू दिसते.

दक्षिणेला पायथ्याशी चौक गाव आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये तेथे मुक्कामाला असताना वन ट्री हिलच्या खालच्या ओढ्याने वर चढले आणि रामबागच्या बाजूने उतरले. ‘माथेरानचा शोध’ म्हणतात तो हा. पण धनगर, ठाकूर आणि कातकरी या रानात त्याआधीपासून वावरत होते. ज्यांच्या पायांनी वाटा पडल्या, त्यांनी शोध लावला असे कोणी म्हटले नाही. कारण त्यांच्याकडे शाई नव्हती. आजही कड्यांची नावे पाहा : लुईझा, अलेक्झांडर, गार्बट.

तेथून वर आले की शार्लोट तलाव लागतो. नाव विलायती, पण पाणी गावाच्या पिण्याचे. जवळच झाडीत पिसरनाथाचे देऊळ आहे. हा गावचा देव. साहेबाने कड्यांना नावे दिली, पण देवाचे नाव काही त्याला बदलता आले नाही.

आता बाजारात येऊ. येथेच रेल्वेचे स्टेशन आहे. नेरळहून वर येणारी ही दोन फुटी रुळांची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात उभारली. खर्च १६ लाख रुपये. सरळ चढ इंजिनाला झेपणारा नव्हता, म्हणून रूळ डोंगराला वळसे देत सुमारे २१ किलोमीटर फिरवले आहेत. पीरभॉयांचे श्रेय मोठेच. पण कडा फोडून ही वळणे ज्यांनी काढली, त्यांची नावे आपल्याला कोणी शिकवत नाही. २६ जुलै २००५ च्या पुराने हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली, तीही अशाच बिननावाच्या हातांनी.

याच गावात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, पण पैशाच्या मागे गेले नाहीत. कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा काढल्या. लोक त्यांना भाई म्हणत. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ही वीज गिरण्यांना आणि रेल्वेला जाई. अखेर २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडजवळच्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानला येऊन भाईंची आठवण न काढता परतणे आम्हाला कृतघ्नपणाचे वाटते.

बाजारातून उत्तरेला दस्तुरी नाका. मोटारी येथेच थांबतात. रान जपायचे म्हणून हा नियम, आणि तो योग्यच आहे. पण मोटार थांबली तरी पाहुण्यांचे ओझे थांबत नाही. ते घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी वाहिले. वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्याला आम्ही विचारले, “बाबा, चढावर दम लागत नाही का?” तो म्हणाला, “लागतो की. पण पोराला ही गाडी ओढायला लागू नये, म्हणून ओढतो.”

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा मिळाव्यात, असे सांगितले. आम्हाला आनंद झाला. मात्र चळवळीतला अनुभव असा की, मुक्तीचा हुकूम एका दिवसात निघतो आणि भाकरीची सोय मागे रेंगाळते. नवी रिक्षा जुन्याच माणसाच्या हाती गेली पाहिजे, भांडवलवाल्याच्या नव्हे. पाळत ठेवायची ती येथे.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या खेपेस पॉइंट जरूर पाहा; पण वाटेत जो ओझे घेऊन चढत असेल, त्याला आधी वाट द्या आणि त्याचे नाव विचारा. या डोंगराच्या इतिहासात तेवढीच नावे लिहायची राहिली आहेत.